मॅपवरचं 'पडीक' आणि आमचा सडा

माझं रोजचं कामच जीआयएसचं, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे एकावर एक ठेवून जागा तपासायची, त्यामुळे 'अणुप्रकल्पाला जागा कशी निवडतात, सगळं राजकारणच असतं ना' असं कोणी म्हटलं की मी लगेच लॅपटॉप उघडतो. मागच्या मे महिन्यात गावी राजापूरकडे गेलो होतो तेव्हा हेच झालं. चुलतकाका बाजूला बसलेले आणि मी त्यांना जवळच्या जैतापूर अणुप्रकल्पासाठी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये लेयर (एकेका माहितीचा नकाशा) लावून दाखवत होतो. समुद्र जवळ पाहिजे कारण अणुभट्टी थंड करायला पाणी प्रचंड लागतं, ५ किमीत जिवंत फॉल्ट (खडकातली सरकणारी भेग) असला की जागा बाद, आजूबाजूला दाट वस्ती नको, १६ किमीपर्यंत इमर्जन्सीचा झोन म्हणजे लोकांना बाहेर काढायला रस्ते हवेत. मग प्रत्येक लेयरला त्याच्या महत्त्वाप्रमाणे मार्क द्यायचे, बेरीज करायची, हिरवं आलं तर चांगलं.

प्रकल्पाच्या जागेवरचा माडबन गावाचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, हिरवा येतो हो, खोटं कशाला बोलू. समुद्रापासून वीसेक मीटर उंच, खाली जांभा, वस्ती विरळ. कोयना सरळ रेषेत शंभरेक किमी, १९६७ चा भूकंप सगळ्यांना आठवतो पण तोही मार्कांत धरता येतो. मी अणुऊर्जेच्या विरोधात नाही हे आधीच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये सुरू होईल.

पण काकांनी स्क्रीनवरच्या करड्या रंगावर बोट ठेवलं, हे काय? म्हटलं पडीक जमीन. ते हसले, "सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीला नालायक, लिहिलंय म्हणून पडीक काय रे? आमची गुरं मग काय हवा खातात?" त्या सड्यावर पावसाळ्यात गवत कमरेएवढं होतं, रत्नागिरीकडच्या अशाच सड्यांवर कातळशिल्पं सापडलीत, आणि माझ्या मॅपमध्ये त्या सगळ्याला सर्वात कमी मार्क, कारण सॅटेलाइटला उन्हाळ्यात नुसता दगड दिसतो!! शेजारच्या साखरी नाटे या मच्छीमार गावाच्या होड्या कुठे जाळी टाकतात त्याचा तर लेयरच नाही माझ्याकडे. जमिनीच्या वापराच्या लेयरचे मार्क पाचावरून पंधरा केले आणि हिरव्याचं भराभर पिवळं झालं. सॉफ्टवेअर तेच, डेटा तोच.

बरं जागा बरोबर निवडली तरी पुढे माणूस काय करेल त्याचा भरवसा नाही. जपानच्या फुकुशिमा अणुप्रकल्पाच्या जागेचा कडा मूळ जवळपास ३५ मीटर उंच होता, पाणी वर चढवायचा खर्च वाचावा वगैरे कारणांनी तो तासून १० मीटरवर आणला, २०११ च्या भूकंपानंतर त्सुनामीची लाट १४-१५ मीटरची आली. त्याच किनाऱ्यावर ओनागावा अणुप्रकल्प जवळपास १५ मीटरवर बांधलेला, भूकंपाचं केंद्र त्याला आणखी जवळ, तरी तो वाचला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की ते मार्क कोणी दिले, का दिले, हे मॅपबरोबर छापा. जैतापूरला ९३८ हेक्टर जमीन घेतली, तेव्हा हे कागद गावात मराठीतून कोणी वाचून दाखवले असते तर निदान भांडण नेमकं कशावर आहे ते तरी कळलं असतं.

काकांनी शेवटी विचारलं, "ह्यात आपली विहीर दिसते काय?" झूम केलं. नाही दिसली, तिथेही करडाच रंग होता.