अप्रकट उष्मा

केटलचं झाकण उघडं राहिलं तर ती आपोआप बंद होत नाही, हे ज्ञान मला वयाच्या ४८व्या वर्षी झालं. तोवर स्वयंपाकघराच्या खिडकीला घाम फुटला होता, भिंतीवरच्या कॅलेंडरचे कोपरे वळले होते आणि केटलमधलं लिटरभर पाणी अर्ध्यावर आलं होतं.

हे सगळं मी वीज वाचवण्यासाठी करत होतो.

झालं असं, की विजेचं बिल आलं. बिल आलं की घरातल्या प्रत्येकाला दुसऱ्याचे दोष लख्ख दिसू लागतात. बायकोला माझा कॉम्प्युटर दिसला, मला केटल दिसली. दिवसातून चार वेळा ती लिटरभर पाणी उकळणार, त्यातलं दोन कप चहाला लागणार आणि उरलेलं तिथेच गार होत बसणार. मी जाहीर केलं, यापुढे पाणी कपाने मोजून.

पहिल्याच दिवशी घोडं अडलं. आमच्या केटलच्या आत अर्ध्या लिटरवर एक रेघ आहे. त्याखाली पाणी भरू नये, असं तिच्यासोबतच्या कागदावर बजावलेलं. म्हणजे एकट्याला एक कप हवा असला तरी अडीच कप तापवणं भाग. मी वाया जाऊ दिलं नाही. अडीच कप चहा प्यायलो. मग रात्री अडीच वाजेपर्यंत जागा होतो, आणि जागा होतो म्हणून दिवा चालू होता.

दुसऱ्या दिवशी गॅसकडे वळलो. छोटं पातेलं, मोजून एक कप पाणी, आणि लवकर व्हावं म्हणून आच मोठी. ज्वाळा पातेल्याच्या बुडाबाहेर येऊन कडेने वर चढल्या. पाणी गरम झालंच, पण त्याहून जास्त पातेल्याचा दांडा तापला. तो मी हाताने धरला. पुढचा तपशील गाळतो.

मधल्या एका दिवशी केटलच्या बुडाचा पांढरा थर काढायला व्हिनेगर घालून उकळलं. थर निघाला. चहाला मात्र पुढचे दोन दिवस लोणच्याची आठवण येत होती.

आणि मग तो झाकणाचा प्रसंग. माझा हिशोब साधा होता. पाणी उकळलं तरी केटल थोडा वेळ उगाच गुरगुरत राहते आणि मग 'टक्' होते. तेवढी वीज तरी का घालवा? झाकण उघडं ठेवून बघत उभं राहावं, पहिला मोठा बुडबुडा आला की बटण बंद. पहिला बुडबुडा यायच्या आत फोन आला. फोन मेव्हण्याचा होता, त्यामुळे वेळेचा अंदाज तुम्हीच करा.

"बाबा, तू झाकण उघडं ठेवलंस?" मुलीने विचारलं. ती दहावीत आहे, म्हणजे सध्या घरात सगळ्यात जास्त तिलाच येतं. तिने केटल उचलून मला हँडलजवळचं बारीक छिद्र दाखवलं. पाणी उकळलं की वाफ त्यातून एका पट्टीपर्यंत जाते. दोन वेगळ्या धातूंची पट्टी. तापली की दोन्ही सारख्या लांबत नाहीत, म्हणून ती वाकते आणि स्विच पाडते. झाकण उघडं असेल तर वाफ सरळ छताकडे जाते आणि पट्टी गारच्या गार. पट्टीला वाटतं, अजून उकळायचंय.

मग तिने वही काढली. मला वही आवडत नाही.

"एक कप म्हणजे २०० मिली. २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला १५ किलोकॅलरी. पण १०० अंशांच्या पाण्याची वाफ करायला लिटरमागे ५४०. तू अर्धा लिटर उडवलंस, म्हणजे २७०. भागिले १५. अठरा कप चहा, बाबा. छताला पाजलास."

याला म्हणे अप्रकट उष्मा म्हणतात. उकळत्या पाण्याला कितीही आच द्या, थर्मामीटर १०० च्या वर सरकत नाही. उष्णता मात्र आत जातच असते. १७६० च्या दशकात जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने हे शोधून काढलं. ब्लॅकचं लग्न झालं नव्हतं, म्हणून त्याला थर्मामीटर लागला. मी त्या क्षणी ओट्याशी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं तापमान जराही वाढलेलं नव्हतं.

"तू दुपारचा चहा टेबलावर विसरतोस," ती शांतपणे म्हणाली, "आणि तो तीनदा गरम करतोस. त्याचं काय?"

उत्तर म्हणून मी थर्मास आणला. सकाळी एकदाच पाणी उकळायचं, दिवसभर वापरायचं. ही बाटली जेम्स ड्युअर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८९२ साली केली ती चहासाठी नव्हे, अतिथंड द्रवरूप वायू ठेवण्यासाठी. त्याने पेटंट घेतलं नाही, पैसे दुसऱ्यांनी कमावले. काटकसर करणाऱ्याला हा इतिहास आधी सांगायला हवा होता. आमचा थर्मास आतून काचेचा. रात्रभर खिडकीत गारठलेला, मी त्यात सकाळी थेट उकळतं पाणी ओतलं. आतून बारीकसा आवाज आला, जसा कुणी जिभेने 'च्यक' करावं. हलवून पाहिलं तर खुळखुळा.

मुलीची वही पुन्हा निघाली. दिवसातून चार वेळा पाच कपांऐवजी रेघेपुरतं अडीचच कप पाणी तापवलं, तर महिन्याला फार तर सहा युनिटं वाचतात. थर्मासची किंमत वसूल व्हायला किती महिने लागतील हे तिने काढलं आणि आकडा मला न दाखवता पान उलटलं. पोर प्रेमळ आहे.

उलटलेल्या पानावर माझी अंघोळ होती.

तिने म्हणे शॉवरखाली बादली धरून मोजलं होतं; मिनिटाला सहा लिटर. एक लिटर पाणी २५ वरून ४० अंशांवर न्यायला लागतात १५ किलोकॅलरी. म्हणजे बरोबर एक कप चहा. "तू रोज किती वेळ असतोस आत?"

मी म्हटलं, असेन चार-पाच मिनिटं. ओट्याकडून खोकल्याचा आवाज आला.

तेव्हापासून चहाचं पाणी कुणी मोजत नाही. केटलला झाकण लावतात, अर्ध्या लिटरच्या रेघेपर्यंत भरतात आणि जो कोणी घरात असेल त्याला हाक मारतात. मोजमाप बाथरूमच्या दाराशी होतं. मी डोक्याला शाम्पू लावून डोळे मिटलेले असतात, तेव्हा बाहेरून आवाज येतो, "बाबा, बारा कप!" मी घाईघाईने चोळू लागतो. फेस नाकात जातो.

"अठरा! छताची बरोबरी झाली!"

"राहू दे गं त्याला," बायको म्हणते, "मेव्हण्याचा फोन असेल आत."