तोंडाशी अडलेलं पाणी

परवाच नॉर्वेहून परतलो. लोक विचारतात, फ्लोम कसं आहे? मी म्हणतो, दारं मजबूत आहेत.

फ्योर्डच्या, म्हणजे हिमनदीनं कोरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या टोकाला, कड्यांच्या तळाशी बसलेलं एवढंसं गाव. म्युर्डालहून २० किलोमीटरांत रेल्वे ८५० मीटरहून जास्त खाली उतरते. वाटेत शोसफोसेन धबधब्यापाशी ती मुद्दाम थांबवतात. सगळा डबा तुषार झेलत होता आणि मी डोळे मिटून थरचं वाळवंट आठवत होतो. सकाळी हॉटेलात ‘फुकट आहे’ म्हणून तीन कप कॉफी ढोसली होती.

उतरल्या उतरल्या शौचालय गाठलं. दाराला कार्डाचं यंत्र, २० क्रोनर. म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे रुपये! खिशात मुंबईत बदलून आणलेल्या करकरीत नोटा होत्या, पण त्या घेणार कोण? कार्ड टेकवलं. लाल दिवा. परदेशातला वापर सुरू करायचा तर बँकेचं ॲप उघडा, ॲपला हवा ओटीपी, आणि ओटीपी येणार त्या सिमचं रोमिंग मीच पैसे वाचवायला घेतलं नव्हतं. बायको पर्स घेऊन तपकिरी चीज चाखायला गेलेली. (नंतर मलाही खायला लावलं. बासुंदी करपली आणि कोणी कबूल केलं नाही, अशी चव.)

तेवढ्यात मागून आमच्याच ग्रुपमधले डोंबिवलीचे काका आले. हातात कार्ड.

‘‘काका, जरा तुमचं कार्ड...’’

‘‘देतो हो. पण हा फ्योर्ड पाहिलात का? हा पुढे सोग्नेफ्योर्डला मिळतो. २०० किलोमीटरहून लांब! खोली किती असेल? सांगा बरं.’’

‘‘काका, खरंच घाई...’’

‘‘१३०० मीटरहून जास्त! आणि गंमत ऐका, समुद्राशी तोंड आहे ना, तिथे जेमतेम शंभरेक मीटर. का? हिमनदीनं आत खोल खणलं, तोंडाशी येईपर्यंत तिचा जोर संपला, मग राहिला उंबरठा. आत एवढं प्रचंड पाणी आणि तोंडाशी बांध! कल्पना करा!’’

कल्पना करायची गरज नव्हती.

‘‘आणि ते समोर बघा, कड्यावरून पाणी कसं सुटलंय, अखंड...’’

‘‘काका!’’

‘‘अहो, आधी बोलायचंत की!’’ म्हणून त्यांनी कार्ड टेकवलं. हिरवा दिवा.

पुढचं सांगत नाही. पण सहलीला माणशी तीन लाख मोजल्यावर निदान हे तरी त्यात धरायला काय हरकत होती? पत्रकात सगळ्या धबधब्यांचा समावेश होता, माझा तेवढा वगळलेला.

बाहेर आलो तर काका तिथेच उभे. ‘‘पावणेदोनशे झाले. सावकाश द्या.’’

काल ग्रुपवर त्यांनी फ्योर्डचा सुंदर फोटो टाकला. खाली माझं नाव घालून लिहिलंय: ‘१७५ बाकी.’ बत्तीस जणांनी अंगठा दाखवलाय. त्यात बायकोही आहे.