मायनर संथ? नाही पटलं

तुमच्या लेखात मॉरिस मायनरला, म्हणजे त्या जुन्या छोट्या ब्रिटिश फॅमिली गाडीला, संथ, म्हाताऱ्यांची गाडी म्हटलंय ते अजिबात पटलं नाही. सत्तरच्या दशकात इंग्लंडात लेस्टरला असताना आमच्याकडे सेकंडहँड ‘मायनर १०००’ मॉडेल होतं, चार दारांचं, १०९८ सीसीवालं. सरळ रस्त्यावर पळायला साधारणच, मान्य, पण वळणावर बघायची तिला! रॅक अँड पिनियन स्टीअरिंग (दातेरी चक्र थेट दातेरी पट्टी सरकवून चाकं वळवतं ते) १९४८ सालच्या फॅमिली गाडीत, ते इतकं नेमकं की डर्बिशायरच्या अरुंद घाटांत मोठमोठ्या गाड्या चाचपडायच्या आणि ही रुळावरून गेल्यासारखी जायची. थंडीत सकाळी चावी फिरवली की आधी पेट्रोल पंपाची टकटक ऐकायची, कार्बोरेटर भरला की ती थांबते, मग चोक ओढून स्टार्टर, तरी नाहीच ऐकलं तर पुढून हँडल घालून हाताने इंजिन फिरवायचं. बायकोसुद्धा हँडल मारायची, साडीवर कोट घालून.

आणि बॉनेटच्या मधोमध ती उंच पट्टी असते ना, त्याचं कारण लेखात यायलाच हवं होतं. तिचा डिझायनर इसिगोनिस, त्याला ऐन वेळी गाडी अरुंद वाटली, म्हणून प्रोटोटाइप (नमुना गाडी) मधोमध कापून चार इंच रुंद केली, बंपर आधीच तयार होते तेही कापून जोडले. असा हट्टी माणूस होता म्हणून ती दहा लाखांचा टप्पा गाठणारी पहिली ब्रिटिश गाडी झाली.

आपली अँबॅसिडर ह्याच घराण्यातली, मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ ह्या गाडीवरून आलेली. आता ऑस्टिन-मॉरिस ११०० वर पण लिहा, तिच्या हायड्रोलास्टिक (स्प्रिंगांऐवजी रबर आणि द्रवावर चालणाऱ्या) सस्पेन्शनवर तर वेगळा लेख होईल.