पत्रं कोणी लिहायला लावली?

एका लेखात म्हटलंय, बायका सायन्स फिक्शन मालिका आत्ता कुठे बघायला लागल्या. काहीतरीच! १९६८ मध्ये ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानावरची अमेरिकन मालिका बंद पडायला आली तेव्हा ती वाचवायला प्रेक्षकांना वाहिनीला पत्रं लिहायला लावणारी चाहती बीजो ट्रिंबल बाईच होती (नवराही होता सोबतीला, असो). तिसरा सीझन आला. त्याच्या शेवटच्या भागात काय, तर बाईला कॅप्टन होता येत नाही म्हणून तक्रार करणारी बाई, आणि तीही डोकं फिरलेली दाखवली! मालिकेची मुख्य कॅप्टन बाई व्हायला १९९५ उजाडलं, ‘व्हॉयेजर’ या नंतरच्या स्टार ट्रेक मालिकेतली जेनवे. दोनच वर्षांत तिथे सेव्हन ऑफ नाइन नावाची बाई आणली, अंगाला घट्ट चिकटलेल्या सूटमध्ये. ती भूमिका करणाऱ्या जेरी रायनने काम मात्र झकास केलं. माझी आई दर भागाला म्हणायची, “अरे, हिला एखादा सैल कुडता तरी द्या!”