पिन बसली म्हणजे रेकॉर्डर जोडला गेला, असं नाही

ग्लायडर उडवायला शिकणाऱ्यांत फ्लाइट रेकॉर्डरबद्दल, म्हणजे उड्डाणाची वाट आणि उंची नोंदवणाऱ्या उपकरणाबद्दल, एक सल्ला हातोहात फिरतोय: ‘फ्लाइट रेकॉर्डर जोडायला काय लागतं? पिन बसली की झालं. आणि त्यातली आयजीसी फाईल (उड्डाणाच्या नोंदीची फाईल) म्हणजे नुसता मजकूर, कॉम्प्युटरवर आली की कोणीही बदलेल. मग फोनचं ॲप काय वाईट?’ नवख्याला हे सगळं पटतं, आणि तिथेच नुकसान होतं.

आधी पिनचं बघू, कारण ही चूक खिशाला लागते. फ्लार्मसारख्या (टक्कर टाळायला इशारा देणाऱ्या) बऱ्याच उपकरणांना आरजे-४५ सॉकेट असतं, हुबेहूब इंटरनेटच्या वायरीचं. लॅपटॉपच्या लॅन पोर्टात ती पिन ‘टक्’ करून बसतेही. पण ग्लायडरमध्ये त्याच आठ तारांपैकी काहींतून बॅटरीचे १२ व्होल्ट येतात, आणि डेटा इथरनेटचा नसून सीरियल पोर्टचा असतो. लॅन पोर्ट जळू शकतं. तसंच आरएस-२३२ च्या, म्हणजे या सीरियल जोडणीच्या, तारेवर व्होल्टेज अधिक-उणे दोन्हीकडे जातं, ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या बोर्डाला ती थेट जोडली तर बोर्ड गेलाच समजा. मध्ये व्होल्टेज जुळवून देणारा लेव्हल कन्व्हर्टर हवाच. शिवाय पिन सारखी दिसली तरी प्रत्येक कंपनीचा तारांचा क्रम सारखा नसतो. म्हणून माझं कळकळीचं सांगणं: अनोळखी केबल आधी मल्टिमीटरने तपासा, मगच लावा.

तारा बरोबर असूनही पडद्यावर अगम्य अक्षरं दिसली तर घाबरू नका. बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवण्याचा वेग, जुळलेला नसतो. जुनी जीपीएस ४८०० वर बोलतात, फ्लार्म बहुतेकदा १९२०० वर. एक्ससी-सोअर या ग्लायडिंगच्या ॲपमध्ये आकडा बदला, ओळी सुरळीत वाचता येतील. त्याआधीच रेकॉर्डर दुरुस्तीला पाठवू नका. आयफोनवाल्यांनी मात्र विकत घेण्याआधी बघावं: जुन्या पद्धतीचं सीरियल ब्लूटूथ अँड्रॉइडला चालतं, आयफोनला सहसा नाही. नॅनोसारखे रेकॉर्डर यूएसबीवर पेनड्राइव्हसारखे उघडतात, तिथे काही अडचणच नाही.

आता फेरफार. फाईल नोटपॅडमध्ये उघडते, हे खरंच आहे. पण मान्यताप्राप्त रेकॉर्डर शेवटी ‘जी’ अक्षराने सुरू होणाऱ्या ओळींत डिजिटल सही घालतो. उंचीचा एक आकडा बदला, पडताळणीत फाईल नापास होते. सहीची गुप्त किल्ली रेकॉर्डरच्या आत असते आणि डबा उघडला तर ती पुसली जाते. म्हणजे केबलवर किंवा लॅपटॉपवर विश्वास ठेवायची गरजच उरत नाही.

फोनच्या ॲपचं काय? सरावाला, मित्रांना उड्डाण दाखवायला उत्तम. पण आयजीसी फाईलच्या प्रत्येक नोंदीत दोन उंची असतात: एक १०१३.२५ हेक्टोपास्कल हा दाब शून्य उंची धरून वायुदाबावरून काढलेली, दुसरी उपग्रहांवरून आलेली. उन्हाळ्यातल्या तापलेल्या हवेत या दोन्हींत काही शे फुटांचा फरक पडतो. बऱ्याच फोनमध्ये दाबमापक नसतोच, आणि असला तरी तो प्रमाणित केलेला नसतो. हे महत्त्वाचं, कारण ग्लायडिंगच्या कौशल्याचे बिल्ले याच नोंदींवर मिळतात: रौप्य बिल्ल्याला १००० मीटर उंची कमवावी लागते, हिरे बिल्ल्याला ५०००. रौप्य आणि सुवर्ण बिल्ल्यांसाठी साधे ‘पोझिशन रेकॉर्डर’ (जागा नोंदवणारी साधी जीपीएस उपकरणं) चालतात, हे खरं. पण त्यांनाही त्या देशाच्या राष्ट्रीय संस्थेची मान्यता लागते.

उतरल्यावर रेकॉर्डरमधली मूळ फाईल आधी जशीच्या तशी वेगळी ठेवा. नकाशावर बघायचं, नाव बदलायचं, सुरुवात-शेवट छाटायचं, ते सगळं प्रतीवर.