‘डॅशकॅम काचेला लावू नका’ म्हणे!

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतंय, की डॅशकॅम, म्हणजे गाडीतून समोरचा रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा, काचेला लावला तर पोलीस पावती फाडतात, त्यापेक्षा डॅशबोर्डवर मधोमध ठेवा, वाइड अँगल असतो त्यामुळे कसाही ठेवला तरी सगळं येतं, आणि वायर बाजूच्या पिलरमध्ये, म्हणजे काचेच्या कडेच्या खांबात, खुपसली की झालं काम.

पावतीचं आधी बघू. लोक जो नियम दाखवतात तो काळ्या फिल्मचा आहे, समोरच्या काचेतून किमान 70 टक्के उजेड आरपार जायला हवा तो, आणि 2012 ला सुप्रीम कोर्टाने जे बंद केलं ते पण फिल्म लावणंच. कॅमेऱ्याचा यात काय संबंध? हां, ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर लटकवलात तर कोणीही हटकणार, आणि बरोबरच आहे ते. म्हणून तो आरशामागे, डावीकडे लावायचा, काचेच्या वरच्या कडेला असलेल्या काळ्या ठिपक्यांच्या खाली पण वायपर फिरतो त्या भागातच, नाहीतर पावसात घाटात नुसतं पाणीच रेकॉर्ड होईल. फास्टॅग किंवा गाडीचा स्वतःचा अडास (ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा) कॅमेरा, रेन सेन्सर तिथेच असेल तर त्यावर चिकटवू नका.

डॅशबोर्डवर ठेवला की उन्हात काचेत डॅशबोर्डचंच प्रतिबिंब पडतं, मग व्हिडिओत रस्त्यावर गणपती आणि टिश्यूचा डबा तरंगतायत. शिवाय मे महिन्यात तो भाग इतका तापतो की बॅटरीवाला कॅमेरा फुगलाच म्हणून समजा. काचेला लावला तरी तापतोच म्हणा, म्हणून घेतानाच बॅटरीऐवजी कपॅसिटरवाला घ्या.

वाइड अँगलचं तर उलटंच आहे. ढोबळ हिशोब करा, 1920 पिक्सेल 170 डिग्रीत पसरले, 500 मिलीमीटरची नंबरप्लेट 10 मीटरवर जेमतेम 3 डिग्रीत बसते, म्हणजे दहा अक्षरांत वाटून एका अक्षराला 3-4 पिक्सेल! त्यात कॅमेरा वर वळलेला असेल तर अर्धी फ्रेम आभाळ, त्या उजेडाने एक्स्पोजर खाली जातं आणि रस्ता काळा पडतो. क्षितिज मधोमध आणि खाली बॉनेटची बारीकशी कड, एवढं बघून मग कॅमेऱ्याची टेप काचेवर दाबा.

आणि पिलर. त्याच्या ट्रिमवर एअरबॅग असं कोरलेलं असेल तर आत कर्टन, म्हणजे बाजूच्या काचेवर पडद्यासारखी फुगणारी, एअरबॅग आहे, वायर तिच्यावरून आडवी गेली तर फुगताना अडकू शकते. ती बॅगेच्या मागून, कंपनीच्या वायरिंगला बांधूनच खाली न्यायची, आणि जमत नसेल तर सरळ इलेक्ट्रिशियनकडे जा, तिथे हात घालू नका.