यादीत नाव बघायचं नाही म्हणजे नाही!

२०२४च्या विधानसभेची तारीख लागली तेव्हाची गोष्ट. २० नोव्हेंबरला मतदान, २३ला निकाल. साताऱ्यात आठ जागा, सांगलीत आठ. त्यातली कुठली कुणाला, यावर महायुतीच्या आणि महाविकास आघाडीच्या बैठका मुंबईत चालू होत्या, तेव्हा आपल्याला पारावर बसण्याखेरीज काम नव्हतं. त्याच दिवसांत मतदार यादी उघडली, तर घरातली नावं दोन शाळांत वाटलेली, वारलेले वडील यादीत ठणठणीत आणि बायको गायब. म्हणून आदर्श मतदारांसाठी चार गोष्टी सांगतो.

मतदार कार्ड लॅमिनेट करून देवघरात ठेवा. कार्ड आहे म्हणजे मत आहेच. यादीत नाव नसेल तर कार्डाचा उपयोग नाही, असं कुणी म्हणालंच तर तो समोरच्या आघाडीचा समजा.

बूथबाहेरच्या टेबलावर मिळालेली चिठ्ठी हेच ओळखपत्र. दुसरं काही नेऊ नका.

चिन्ह वाचायचं नाही, नुसता आकार बघायचा. घड्याळ इकडं, तुतारीवाला माणूस तिकडं. धनुष्यबाण इकडं, मशाल तिकडं. एवढं कोण लक्षात ठेवणार? त्याच वर्षी लोकसभेला साताऱ्यात एका अपक्षाच्या, तुतारीसारख्या दिसणाऱ्या पिपाणीला ३७ हजारांवर मतं पडली आणि निकाल लागला ३२ हजार ७७१ मतांनी. वाजवायचं काही दिसलं की दाबा.

बंडखोरांची काळजी नको. पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारा एबी फॉर्म तेव्हा २९ ऑक्टोबरच्या दुपारी ३ पर्यंत होता, माघार ४ नोव्हेंबरच्या ३ पर्यंत. तोवर प्रत्येक बॅनरवरचा माणूस अधिकृतच. सांगलीनं तर लोकसभेला अपक्ष विशाल पाटलांना निवडून देऊन सगळ्यांनाच धीर दिलाय.

बटण दाबलं की लगेच वळा. मत कुणाला पडलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते, एवढा वेळ कुणाकडं आहे?

आता मुख्य गोष्ट. पाटण-जावळीच्या डोंगरातली घरंच्या घरं मुंबईला. तिथं राहायला गेलात की नमुना ६ भरा, म्हणजे नवा मतदार व्हा. नमुना ८ भरायचा नाही, कारण त्यात जुन्या कार्डाचा नंबर द्यावा लागतो आणि गावचं नाव जातं. गावचं नाव कसं सोडायचं? पुन्हा यात्रेला यायचंय, उमेदवार ट्रॅव्हल्सची गाडी पाठवणार आहे! एकाच वेळी दोन मतदारसंघांत नाव ठेवायला १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १७ मनाई करतं आणि खोटं लिहून दिलं तर कलम ३१ खाली वर्षापर्यंत कैद आहे, हे विसरून जा. आणि मग पारावर बसून म्हणा, यादीत घोळ आहे. घातला कुणी घोळ? दोन ठिकाणी नाव ठेवणारे तुम्ही, आजोबा जाऊन वर्षं झाली तरी नाव वगळायचा नमुना ७ न भरणारे तुम्ही! आणि ते पक्ष? बॅनरवर गल्लीतल्या सगळ्या पोरांचे फोटो, पण बूथची यादी घेऊन घरोघर फिरणारा पक्षाचा एक बूथ प्रतिनिधी (बीएलए) सापडायचा नाही. जागावाटपाचे पेच टीव्हीवर रोज उलगडतात, आपल्या यादीचा भाग क्रमांक मात्र एकाला सांगता येत नाही.

बास झालं. रील बघण्यातली दहा मिनिटं काढा. मतदार पोर्टलवर कार्डाच्या नंबरानं शोधा. नावानं शोधाल तर स्पेलिंगच्या एका अक्षरापायी सापडणार नाही. भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून घ्या, घरातल्या प्रत्येकाचा. नाव कुठंच नसेल तर नमुना ६. पत्ता बदलला किंवा नावात चूक असेल तर नमुना ८. २०२४ला १९ ऑक्टोबरनंतर दिलेल्या नोंदणीच्या अर्जाचा त्या निवडणुकीला उपयोग नव्हता. आणि बीएलओ, म्हणजे बूथची यादी सांभाळणाऱ्या सरकारी माणूस, म्हणून येणाऱ्या अंगणवाडीच्या ताईंवर खेकसू नका. त्या दारात येतात तेव्हा तुम्हीच 'नंतर या' म्हणता. मतदानाच्या दिवशी शाळेच्या दारात उभं राहून केंद्राध्यक्ष झालेल्या गुरुजींवर कितीही ओरडलात, तरी यादीत नाव घालायचा अधिकार त्यांना नाही.